सहा हजार एकशेवीस फेऱ्या

एकोणीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

पत्र नेवाडातल्या एका लहान गावाहून आलं होतं. रेघांचा कागद, निळी शाई, म्हातारं पण ठाम अक्षर. लिहिणाऱ्या बाईंचं नाव मार्था लिंड. मजकूर जेमतेम दहा ओळींचा.

"तुमचा लेख आमच्या गावच्या म्युझियमने चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे. टॅबिथा ग्रोव्हर माझी पणजी. तिने नऊ वर्षांच्या आजारी मुलीला वाळवंटात जिवंत टाकलं, आणि धाकटा मुलगा मेला तेव्हाही ती त्याच्याजवळ नव्हती, असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या आईला शाळेत 'पोर टाकणारीची नात' म्हणत. तेव्हा ती नुसती गावातली बोलवा होती. तुम्ही तिला आकडेमोडीचा पुरावा दिलात. मला एवढंच विचारायचं आहे. तुम्ही स्वतः तिथे गेला होतात का?"

मी गेलो नव्हतो.

इलिनॉयमधल्या एका छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी सत्तावीस वर्षं सूचिकार होतो. हस्तलिखितं नोंदवायची, त्यांना क्रमांक द्यायचे आणि शक्यतो कुणाशी बोलायचं नाही, हे काम मला मानवलं. टॅबिथाची डायरी तिथेच माझ्या हाती आली. १८५२ साली ती ओहायोहून वॅगनमधून पश्चिमेला निघाली. बरोबर नवरा आणि तीन मुलं. नऊ वर्षांची लिडिया, चार वर्षांचा सॅम्युएल, दोन वर्षांचा एमॉस. नवरा वाटेतच पटकीने गेला. तांडा थांबला नाही. टॅबिथाने बैल स्वतः हाकायला घेतले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ती नेवाडाच्या वाळवंटात शिरली.

डायरीतली शेवटची नोंद पाच सप्टेंबरची. "झऱ्यापासून काळ्या खडकापर्यंत ६१२० फेऱ्या. लिडियाने मोजल्या. ती मागे पडून मोजते." त्या काळी चाकाला एक चिंधी बांधत आणि ती किती वेळा वर आली ते मोजून अंतर काढत. हे काम लिडियाकडे होतं. दर शंभर फेऱ्यांना ती आईच्या डायरीत एक उभी रेघ ओढायची आणि रेघेच्या डोक्यावर एक छोटं वर्तुळ काढायची. काठीवर बसवलेल्या चाकासारखं. अशा रेघांची पानंच्या पानं मी पाहिली आहेत.

पुढची पानं कोरी. तांड्याच्या कॅप्टनने मात्र म्हातारपणी आठवणी लिहिल्या. तापाने फणफणलेल्या मुलीला आई वाटेत सोडून आली. आठ तारखेला तांडा नदीवर पोचला. बारा तारखेला एमॉस गेला, तेव्हा त्याची आई तिथे नव्हती, कुठे होती देव जाणे. तिघांपैकी तांड्याबरोबर राहिलेला सॅम्युएल तेवढा वाचला. वीस तारखेला ती एकटीच वस्तीत आली. पुढे जन्मभर ती एकच वाक्य बोलत राहिली. "मी लिडियाला काळ्या खडकाच्या सावलीत माझ्या हातांनी पुरलं."

मी ते वाक्य तपासायला घेतलं. म्युझियममध्ये ग्रोव्हरांच्या वॅगनचं एक चाक होतं. त्यांना पत्र घालून त्याचा व्यास मागवला. चव्वेचाळीस इंच. म्हणजे परीघ साडेअकरा फूट. सहा हजार एकशेवीसने गुणलं. सव्वातेरा मैल! तिथल्या सर्वेयरला ती जागा बघायला सांगितलं. त्याने कळवलं, सपाट खारी जमीन आहे, खडक नाही. झालं. खडक नाही म्हणजे थडगं नाही, थडगं नाही म्हणजे बाई खोटं बोलली. मी लेख लिहिला. माझ्या नावावर छापून आलेला तो एकमेव लेख.

मार्थाबाईंना उत्तर लिहायला मी कितीदा बसलो. "प्रत्यक्ष जाण्याची आवश्यकता भासली नाही." हे वाक्य लिहायचो आणि फाडायचो.

या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाची मुलगी स्वानंदी इलिनॉयमध्येच, शॉमबर्गला, माझ्याकडे आठवडाभर राहायला आली. ती नेवाडातल्या रीनोच्या विद्यापीठात खडकांवर संशोधन करते. माझी पुस्तकं आवरताना ते पत्र तिच्या हाती लागलं.

"काका, हिला रिप्लाय नाही केलास?"

"काय लिहिणार?"

"'नाही' लिहायचं. एक शब्द आहे."

तिने फोन करायला वीस मिनिटंही लावली नाहीत. मार्थाबाई जिवंत होत्या! त्र्याण्णव वर्षांच्या. एका वृद्धाश्रमात, जवळजवळ आंधळ्या. तिथली नर्स म्हणाली, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत काढतील असं वाटत नाही. आणि पुढे म्हणाली, "लायब्ररीवाल्याचं पत्र आलं का, असं अजून मधूनच विचारतात."

त्या रात्री मी रीनोचं विमानाचं तिकीट काढलं. शहात्तराव्या वर्षी, पहिल्यांदा, कुणालाही न विचारता.

*

आम्ही तिघं निघालो. स्वानंदी, तिचा नवरा परीक्षित आणि मी. परीक्षित मूळचा नागपूरचा, एका टेक कंपनीत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी आपली जीप दगडाधोंड्यांतून घुमवतो. तोंडाने फटकळ. मला त्याची थोडी भीती वाटते.

"एका दिवसाचं काम आहे, काका," तो म्हणाला. "सकाळी जायचं, तुमचा खडक तिथे नाही हे बघायचं, संध्याकाळी परत."

तरी स्वानंदीने एक सॅटेलाइट यंत्र भाड्याने घ्यायला लावलं. तिथे फोनला रेंज नसते. ते दुकानातून आणायचं काम मी मागून घेतलं, आपलाही काही उपयोग व्हावा म्हणून. काउंटरवरच्या मुलाने भराभर काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही. मागे रांग होती. त्याने पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली आणि यंत्र घेऊन बाहेर आलो.

सप्टेंबरचा शेवट होता. झरा सकाळी आठला लागला. कोमट, गंधकाच्या वासाचा, काठाला पांढरी खार चढलेला. तिथून जुन्या वाटेच्या खुणा अजून दिसतात. सेजच्या करड्या झुडपांमधून दोन उथळ चाकोऱ्या सरळ वायव्येला गेलेल्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काहीही नाही. झाड नाही, पाखरू नाही. दूरवर डोंगरांच्या काळ्या कडा उन्हात पाण्यावर तरंगल्यासारख्या हलत होत्या. एवढ्या मोठ्या जागेची मी नुसती पानं उलटली होती.

सव्वातेरा मैलांवर परीक्षितने ब्रेक दाबला.

"घ्या. तुमचं स्टेशन आलं."

सपाट खारी जमीन. सर्वेयरने लिहिलं होतं तशीच. मी खाली उतरलो आणि उगाच चारी बाजूंना पाहत राहिलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

"म्हणजे काका बरोबर होते," परीक्षित म्हणाला. "म्हातारीला लिहून टाका, जाऊन आलो, तुमची पणजी खोटारडी होती."

स्वानंदी माझी फाइल चाळत होती. फाइलच्या पुठ्ठ्यावर मी एका वॅगनचं जुनं रेखाचित्र चिकटवलं होतं. पंधरावीस वर्षं ते माझ्या टेबलावर होतं.

"काका, चिंधी कुठल्या चाकाला बांधली होती?"

"चाकाला म्हणजे... वॅगनच्या चाकाला."

"पुढच्या की मागच्या?"

तिने पुठ्ठ्यावरचं चित्र माझ्यापुढे धरलं.

"बघ ना. पुढची चाकं लहान आहेत. मागची केवढी मोठी आहेत!"

मी चित्र हातात घेतलं. पुढची चाकं लहान होती. मागची मोठी होती. चित्र तेच होतं, माझंच. पण माझं लहानपण कराडजवळ गेलं. साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाने लादलेल्या बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. गाडीला दोन चाकं, दोन्ही सारखी. बैल म्हटलं, गाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच यायची. 'चाक' वाचलं आणि मी एकच चाक समजलो. "ती मागे पडून मोजते." लिडिया तापाने वॅगनच्या मागच्या बाजूला पडून होती. तिला तिथून दिसणार कुठलं? मागचंच!

परीक्षित इतका हसला की त्याला स्टिअरिंग धरावं लागलं. "बैलगाडी! एका बाईला खोटारडी ठरवलं तुम्ही, बैलगाडीपायी? काय करून राहिले, काका!"

"परीक्षित, पुरे," स्वानंदी म्हणाली. तिने पेन्सिलने चित्रावरचं प्रमाण मोजलं, वाकून हिशेब केला. "मागचं चाक चौदा ते पावणेपंधरा फूट. म्हणजे सोळा ते सतरा मैल. अजून तीन-चार मैल पुढे."

"चला," मी म्हणालो. मी आधीच जीपमध्ये चढलो होतो.

*

पुढे जमीन बदलली. चाकोऱ्या एका सुकलेल्या तळ्याच्या फाट्यात उतरल्या. पांढरा, भेगाळलेला, बशीसारखा गुळगुळीत तळ. पलीकडच्या काठाला, एका उंचवट्याआडून, काहीतरी काळं डोकावत होतं.

"खडक!" मी ओरडलो. "परीक्षित, खडक आहे तो!"

त्याने वेग वाढवला. जीप मधोमध पोचली आणि एकदम नाक खाली करून थांबली. मी समोरच्या काचेवर आदळता आदळता वाचलो. चाकं गरगरली. करडा चिखल काचेवर उडाला. दोन दिवसांपूर्वी डोंगरात पाऊस झाला होता. वर वाळलेला पापुद्रा आणि खाली लोण्यासारखा चिखल! परीक्षितने रिव्हर्स टाकला. जीप आणखी रुतली. आम्ही फावड्याने उकरलं, चाकांखाली चटया घातल्या, ढकललं. दीड तासात जीप दारांपर्यंत खाली गेली.

"यंत्र काढा, काका."

मी पिशवीतून यंत्र काढलं. परीक्षितने बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा दाबलं.

"हे ऍक्टिव्हेटच केलेलं नाही."

मला दुकानातला मुलगा आठवला.

"त्याने सांगितलं असेल ना? ऑनलाइन जाऊन सुरू करा म्हणून?"

"सांगितलं असेल. मला नीट... मागे लोक उभे होते."

परीक्षितने यंत्र माझ्या हातात परत दिलं. अगदी हळू. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग पाण्याचा कॅन पाहिला. धक्क्यात तो आडवा पडला होता, टोपण सैल झालं होतं. पाच गॅलनांपैकी दीड उरलं होतं. बाकीचं जीपच्या गालिच्याने प्यायलं होतं.

दुपारचा एक वाजला होता. नकाशावर उत्तरेला बारा-तेरा मैलांवर धुळीचा रस्ता होता आणि त्याला लागून गुरं पाळण्याचं एक रँच. परीक्षित म्हणाला, ऊन उतरलं की सरळ तिकडे निघायचं, तोवर जीपच्या सावलीत पडून राहायचं. ते शहाणपणाचं होतं. पण खडक मैलभरावर होता.

"आधी तिकडे जाऊ," मी म्हणालो. "तिथेही सावली मिळेल."

"काका, तो खडक दीडशे वर्षं तिथेच आहे."

"मार्थाबाई राहणार नाहीत."

आयुष्यात मी फार थोड्या वेळा हट्ट केला. तो एक केला. आणि तो महाग पडला.

पापुद्रा पायाखाली फुटत होता. प्रत्येक पावलाला बूट दोन-दोन किलोंचे होत होते. डोळ्यांत खार जात होती. ओठ पांढरे पडले. काठ लागला, चढ लागला, खडक अगदी समोर आला. मी घाई केली. डावा पाय एका भेगेत गेला आणि अंग पुढे गेलं. कट्! गुडघ्यातून आवाज आला. मी तोंडावर पडलो. दोघांनी मला ओढत खडकाच्या सावलीत नेऊन टेकवलं. गुडघा माझ्या डोळ्यांदेखत फुगत गेला.

खडक दोन पुरुष उंचीचा, काळा, पायथ्याशी आत वळलेला. त्या वळणात एक माणूस आडवा होईल एवढी जागा. स्वानंदीने खडकाभोवती दोन चकरा मारल्या, हाताने चाचपलं. काही नव्हतं. दक्षिणेला दगडांचा एक बसका ढीग होता. असे ढीग पुरातही होतात, ती म्हणाली.

चार वाजता परीक्षित उठला.

"आता निघायला पाहिजे. तिघं नाही. दोघं."

"काकाला टाकून?" स्वानंदीचा आवाज चढला. "मी थांबते. तू जा."

"एकट्याने गेलो आणि रस्त्यात पडलो, तर तिघंही संपलो. दोघांपैकी एक तरी पोचेल. काका चालू शकत नाहीत, स्वानंदी. उचलून नेऊ शकत नाही आपण. बघ तू, हिशेब कर."

"हिशेब काय करतोस? माझा काका आहे तो!"

"जा," मी म्हणालो. "तो बरोबर बोलतोय."

परीक्षितने माझ्यासाठी दोन लिटर पाणी काढलं, स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर घातली, जाकीट अंगाखाली सरकवलं. मग उकिडवा बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तुम्ही लिहिलं होतं ना, काका? जिवंत टाकलं म्हणून? आता आमच्याबद्दल काय लिहाल?"

स्वानंदी माझ्याकडे न बघता चालू लागली. मग धावत परत आली, माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि पुन्हा गेली. दोन माणसं लहान होत गेली. मग ठिपके. मग नुसता उन्हाचा थरथराट.

*

रात्रीबद्दल सांगण्यासारखं नाही. थंडी होती.

उजाडल्यावर पाण्याची बाटली पाहिली. अर्धा लिटर. जीभ टाळूला चिकटली होती. मी एकच घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. दुसरा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. मग मला लिडिया समजायला लागली, आणि ते नको होतं. तिलाही पाणी ठेवलं असेल. तिनेही ठरवलं असेल, एकच घोट. नऊ वर्षांची होती. तिच्याकडे परत येणार असं कुणी सांगितलं असेल. तिने विश्वास ठेवला असेल. मी तर मोठा माणूस, तरी दर पाच मिनिटांनी मान उंचावून उत्तरेकडे बघत होतो.

ऊन वर आलं. तिरपी किरणं खडकाच्या आतल्या वळणात शिरली. मी कुशीवर पडलो होतो, तोंड खडकाकडे. डोळ्यांसमोर हातभर अंतरावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सावल्या पडल्या. बारीक, उभ्या सावल्या.

रेघा होत्या.

मी मोजायला लागलो. एक. दोन. तीन. प्रत्येक रेघ बोटभर उंच. वेडीवाकडी, दगडाने खरवडलेली. आणि प्रत्येक रेघेच्या डोक्यावर एक छोटं वर्तुळ!

चार. पाच. सहा.

उभ्या माणसाला त्या दिसल्या नसत्या. वाकलेल्यालाही नसत्या. तिथे आडवं पडावं लागत होतं.

मी लगेच स्वतःवर संशय घेतला. तहानेने डोळे फसवतात. बोट फिरवलं. खाच होती. दुसऱ्या कुणी काढल्या असतील? त्या वर्तुळांबद्दल कुणाला माहीत होतं? डायरी उघडणाऱ्याला. डायरी मी उघडली होती. सहावी रेघ बाकीच्यांपेक्षा आखूड होती आणि तिचं वर्तुळ पूर्ण झालं नव्हतं.

तिथे मोजायला चाक नव्हतं. तिने दिवस मोजले होते.

मग जरा वर, गुडघ्यांवर बसलेल्या मोठ्या माणसाच्या हाताला सोयीच्या उंचीवर पण आतल्या बाजूला, दुसरी अक्षरं दिसली. सुरीने खोल, सरळ कोरलेली. एल. जी., लिडिया ग्रोव्हर. त्याखाली क्रॉस. त्याखाली, सप्टेंबर १४.

आकडे आपोआप जुळत गेले. तेच तर माझं काम होतं. तांडा पाचला खडकाशी होता. सहा रेघा म्हणजे अकरा तारखेपर्यंत लिडिया जिवंत होती. टॅबिथा तिला इथे ठेवून दोन लहान मुलांना घेऊन नदीपर्यंत गेली. आणि मग ती परत फिरली. पाणी घेऊन, चालत, या जमिनीवरून, जिथे माझे बूट मला मैलभरही पेलवले नव्हते. चौदा तारखेला ती इथे पोचली.

तीन दिवस उशिरा.

बारा तारखेला तिकडे नदीवर एमॉस मेला. "तेव्हाही ती त्याच्याजवळ नव्हती." कॅप्टनची नुसती नोंद होती. मी त्या नोंदीत 'तेव्हाही' घातलं होतं. ते वाक्य चांगलं झालं असं मला वाटलं होतं. ती त्याच्याजवळ नव्हती, कारण ती दुसऱ्या लेकराकडे चालत होती! एकाला सोडून दुसऱ्याकडे. आणि दोघंही गेली. ती वस्तीत आली आणि तिने जन्मभर खरं तेच सांगितलं. मी तिला खोटं ठरवलं, इलिनॉयमध्ये, पंख्याखाली बसून.

मी बाटली उघडली आणि उरलेलं पाणी प्यायलो. सगळं. रडायला पाणी लागतं, आणि माझ्याकडे तेवढंच होतं.

*

दुपारी दोनच्या सुमाराला उत्तरेकडे धूळ उठली. पिकअप! रँचचा मालक चालवत होता, शेजारी परीक्षित. तो लंगडत माझ्याकडे आला. त्याच्या पायांची नखं उखडली होती, मोज्यांतून रक्त आलं होतं.

"स्वानंदी?" मी विचारलं.

"आहे. रँचवर ॲम्ब्युलन्स आलीय, सलाइन लावलंय. शेवटचे तीन मैल मी तिला पाठीवर घेतलं." त्याने माझ्या तोंडाला बाटली लावली. "हळू. हळू, काका. एकदम नका पिऊ."

मी त्याला हाताने खाली ओढलं. तो माझ्या शेजारी आडवा झाला. मी बोटाने दाखवलं. त्याने रेघा मोजल्या. ओठ हलत होते.

"सहा?"

"सहा."

त्याने फोनवर रेघांचा आणि वर कोरलेल्या नावाचा फोटो काढला. मग तो उठला आणि दगडांच्या बसक्या ढिगाकडे गेला. वरचा एक दगड त्याने दोन्ही हातांनी धरला.

"नको," मी म्हणालो.

"काका, आत असेल ती. पक्का पुरावा मिळेल. मग कुणी काही बोलू शकणार नाही."

"एकदा पुरावा मागितला मी. पुरे."

त्याने दगड सोडला. रँचवाल्याने हॅट काढली होती. कशासाठी ते आम्ही त्याला सांगितलं नव्हतं.

*

रीनोच्या दवाखान्यात माझा गुडघा बांधला. दुसऱ्या दिवशी स्वानंदी माझ्या खाटेवर येऊन बसली. तिचे ओठ अजून फुटलेले होते. मांडीवर कागद ठेवून मी लिहीत होतो.

"काका, एक सांगू? सहा रेघांचं नको लिहूस. खडक सापडला, तारीख सापडली, तुमची पणजी परत गेली होती. एवढं बास आहे. त्र्याण्णव वर्षांची आहे ती. कशाला?"

"लिहा," खुर्चीतून परीक्षित म्हणाला. त्याचे दोन्ही पाय पट्ट्यांत होते. "तिने विचारलं नाही का, जाऊन आलात का म्हणून? जाऊन आले ना तुम्ही? मग जे बघितलं ते सगळं लिहा. कापून नका देऊ तिला."

"तू गप. मरायला टेकलेल्या बाईला सांगायचं, ते पोर सहा दिवस वाट बघत होतं?"

दोघं माझ्यावरून भांडत राहिली. मी मसुद्याकडे पाहिलं. तीन पानं झाली होती. 'बहुधा', 'संभवतः', 'असा तर्क करता येईल'. पहिल्याच पानावर सहा ठिकाणी. हे पत्र मार्थाबाई वाचणार नव्हत्या. एक नर्स ते त्यांच्या कानाशी मोठ्याने वाचणार होती. 'संभवतः' मोठ्याने वाचून बघितलं. चोरासारखं वाटलं.

मी नवा कागद घेतला.

"प्रिय मार्थाबाई,

नाही. मी तिथे गेलो नव्हतो. आता जाऊन आलो.

मी चुकीचं चाक मोजलं होतं. काळा खडक आहे. तुमची पणजी खरं बोलत होती.

तिने लिडियाला तिथे जिवंत सोडलं. तेही खरं आहे. दोन लहान मुलं जगवायला तिने ते केलं. मग ती नदीवरून चालत परत आली. चौदा तारखेला पोचली. लिडियाने खडकावर सहा दिवस मोजले होते, म्हणजे आईला तीन दिवस उशीर झाला. एमॉस गेला तेव्हा ती वाटेत होती. तिने लिडियाला पुरलं आणि खडकावर नाव कोरलं. रेघांचा आणि नावाचा फोटो सोबत आहे. दगडांना आम्ही हात लावला नाही.

तुमच्या आईला लोक जे म्हणत, त्याला मी पुरावा दिला. तो पुरावा खोटा होता. म्युझियमला मी लेख उतरवायला लिहिलं आहे. त्यांनी नाही उतरवला तर मी येऊन उतरवीन.

उत्तराला एकोणीस वर्षं लागली. मला लाज वाटत होती. दुसरं कारण नाही."

स्वानंदीने ते दोनदा वाचलं. तिने पाकीट आणून दिलं.

दवाखान्याच्या दारासमोर निळी टपालपेटी होती. कुबड्यांवर तिथवर जायला मला दहा मिनिटं लागली. परीक्षित चाकाच्या खुर्चीतून ओरडला, "द्या, मी टाकतो!" मी मान हलवली. पेटीचं झाकण ओढलं, पाकीट आत सोडलं, झाकण बंद केलं. मग पुन्हा उघडून आत पाहिलं. पाकीट खाली गेलं होतं.